डोळे मिटा, कान द्या

सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीकडे जाणारा जिना सकाळी माणसांनी गच्च भरलेला असायचा. पायरीपायरीवर एक आई आणि तिच्या खांद्यावर एक मूल. कुणाचं पोट टम्म फुगलेलं, कुणाला शी होत नाही, कुणाची थांबत नाही, कुणी प्यालेलं दूध आईच्याच पाठीवर ओकून टाकतंय. पोरांच्या रडण्याचा नुसता कल्लोळ. मोठी माणसं मात्र कुजबुजत बोलायची, कारण वरच्या पडद्यामागे हातगुणी मावशी बसलेली असायची.

मग पडद्यामागून एक टाळी वाजायची. दारात उभी असलेली इस्त्रीवाली हात वर करून ओरडायची, "डोळे मिटा! कान द्या!" की झालं. वरपासून खालपर्यंत अख्खा जिना डोळे मिटून घ्यायचा. खाली चाक ठोकत बसलेला सायकलवालासुद्धा हातोडी थांबवायचा. आणि तो आवाज यायचा.

टक्.

लहानसा, कोरडा, स्वच्छ आवाज. "सुटलं!" असा एकच सुस्कारा जिनाभर पसरायचा. जरा वेळाने पडदा सरायचा आणि आत जाताना बेंबीच्या देठापासून बोंबलणारं पोर आईच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेलं बाहेर यायचं. ती आई रडत असायची, तिला पाहून रांगेतल्या बाकीच्या आया डोळे पुसायच्या, आणि रांग आणखी लांबायची.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आवाज कुठून निघतो, कसा निघतो, तो ऐकू न येणाऱ्या मुलाला हाताने कसा समजवायचा, हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि तो टक् कुठून येतो हे काही मला सांगता येत नव्हतं. हाडाचा म्हणावा तर बोजड नाही, जिभेचा म्हणावा तर ओलसर नाही. मला चमत्कार दिसला की आधी राग येतो, आणि त्याचा खुलासा सुचला नाही की दुप्पट येतो. तशी मी त्या जिन्याखालून रोज दुप्पट रागाने शाळेला जायची.

मावशीचं शास्त्र मात्र ऐकण्यासारखं होतं. "पोट म्हणजे काय हो? पिशवी. लेकरू घाईघाईने गिळतं, घास पिशवीत न पडता मागे सरकतो आणि पाठीला चिकटतो. डॉक्टर पोट दाबून बघतात. अहो, पोटात असेल तर सापडेल ना! घास पाठीला!" यावर बाया माना डोलवायच्या. मग मावशी मुलाला पालथं घालायची, बरणीतलं तेल लावायची, कमरेपासून मानेपर्यंत पाठीची कातडी चिमटीत धरून वर वर ओढत न्यायची. "चिकटलेला घास लाजरा असतो. कुणी बघतंय म्हटलं की तिथंच दडून बसतो. म्हणून डोळे मिटायचे. सुटला की आवाज देतो." घासाला लाज असते, पण ऐकायला शंभर जण असले तर त्याला चालतं, हे कसं काय, असं एकदा मी खालच्या पायरीवरून विचारलं होतं. साऱ्या जिन्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुणाचा घास अडकवलाय.

आणि गुण नाही आला तर? त्याचीही सोय होती. गुण नाही आला तर आईने डोळे उघडले होते.

याचा जिवंत पुरावा दारातच उभा असायचा. इस्त्रीवालीचं दुकान आमच्याच गल्लीत. तिने आपलं मूल इथे आणलं होतं. ते झोपलं, आणि झोपेतून उठलंच नाही. मावशीने सगळ्यांदेखत तिला विचारलं, "डोळे उघडलेस का?" आणि ती खरी बाई, खोटं बोलता आलं नाही तिला. क्षणभर उघडले होते म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी इस्त्री थंड ठेवून ती इथे फुकट उभी राहायची. प्रत्येक आईचा दंड धरून सांगायची, "बाई, काही झालं तरी डोळे उघडू नकोस. मी उघडले. बघ माझ्याकडे." एखाद्या बाईचं मूल जावं आणि वर तिलाच त्या थोतांडाची राखणदार करून दारात उभं करावं, याइतकं नीच काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता आमच्या घराचं सांगते. दादा टेलर आहे, शाळांचे गणवेश शिवतो. वहिनी त्याच्याच बाजूला बसून काजबटण करते. आई घर सांभाळते. दादा-वहिनीची थोरली माझ्याच शाळेत तिसरीत. तिला जन्मापासून अजिबात ऐकू येत नाही. आम्ही तिला खारूताई म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आणि तिच्या पाठीवर आठ महिन्यांचं बाळ, गोबरं, हसरं, दादाच्या मापपट्टीचं टोक चघळत पडणारं.

ते बाळ एका संध्याकाळी एकदम कळवळून रडायला लागलं. पाय पोटाशी घ्यायचं, लालबुंद व्हायचं, मग एकाएकी शांत. वाटायचं, गेलं दुखणं. की पुन्हा तेच. सकाळपर्यंत दूध ओकायला लागलं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

आई म्हणाली, "दात येतायत. नाहीतर घास अडकलाय. काल मीच त्याला मऊ भात भरवला. मावशींकडे नेऊ."

"आई, अगं डॉक्टर—"

"तुझं शहाणपण शाळेत पाजळ. तुम्हाला दोघांना मीच वाढवलंय."

दादा नेहमीसारखा मधे पडला. "भांडू नका गं. दोन्हीकडे जाऊ. मावशी जवळ आहे, आधी तिथं. मग दवाखाना."

'आधी तिथं, मग दवाखाना' हे वाक्य आमच्या गावात किती घरांनी म्हटलं असेल कोण जाणे. ऐकायला किती समजूतदार वाटतं! दोघांचंही मन राखलं. फक्त त्या बाळाचं मन कुणी विचारलं नाही.

मी त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. लहान वर्गांना सुट्टी होती म्हणून खारूताईही होती, वहिनीची पिशवी धरून. इस्त्रीवालीने आम्हाला पुढे घेतलं, बाळाची अवस्था बघून तिचे डोळे भरले होते. फक्त आईला आत सोडतात, पण खारूताई पिशवीसकट वहिनीच्या मागोमाग पडद्याखालून शिरली. कुणी अडवलं नाही. बहिरीमुकी पोर, तिला काय कळतंय!

टाळी वाजली. "डोळे मिटा! कान द्या!" मी नाही मिटले, पण माझ्या डोळ्यांपुढे नुसता पडदा होता, निळ्या फुलांचा, तेलकट. टक्. "सुटलं!" आणि आमचं बाळ झोपलेलं बाहेर आलं. वहिनीचा चेहरा उजळला होता. पडद्यामागून मावशीचा आवाज आला, "दिवसभर झोपू द्या त्याला. आणि शीतून लालसर काही पडलं तर घाबरू नका हं. सुटलेला घास बाहेर येतोय समजायचं."

मी दादाला म्हटलं, "आता दवाखाना."

"अगं, झोपलाय ना आता. कशाला उठवायचा?"

शाळेची वेळ झाली होती. दादाशी हुज्जत घालून उपयोग झाला नाही. मी गेले, पण फळ्यावर काय लिहितेय हे मला कळत नव्हतं.

दुपारी घरी आले तेव्हा दारातच खारूताई माझ्यावर येऊन आदळली. तिचा चेहरा रडून सुजला होता. एका हातात जॅमची बरणी, दुसऱ्या हातात तिचं पत्र्याचं झाकण. ती एकच खूण पुन्हा पुन्हा करत होती, तळहातात अंगठा दाबायचा, मग बोट तोंडात घालायचं. आई स्वयंपाकघरातून वैतागून म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय तिचं. भूक लागली म्हणते. दोनदा पाव-जॅम दिला, तरी आपली तेच."

आमच्या घराचं हे असं आहे. खारूताईशी बोलायला घरात तीन खुणा पुरतात: जेव, ये, झोप. पोर तिसरीत गेली, तरी चौथी शिकायला कुणाला सवड झाली नाही. तोंडात बोट म्हणजे भूक, विषय संपला.

मी खाली बसले. तिला विचारलं, काय झालं? तिने सगळं सांगितलं, एका दमात, हातवारे करून. मावशीने टाळी वाजवली. तिच्या आईने डोळे मिटले. का मिटले, हे तिला कळलं नाही, तिला कोण सांगणार? म्हणून ती बघत राहिली. मावशीने तेलाच्या बरणीचं झाकण डाव्या तळहातात घेतलं. तो हात बाळाच्या पोटाखाली घातला. उजव्या हाताने कातडी ओढली आणि डाव्या अंगठ्याने झाकणाचा मधला फुगवटा दाबला. मग कमरेच्या कुपीतून बोटावर मध घेतला आणि बाळाच्या टाळूला आतून चोळला. खारूताईने ते झाकण माझ्या कानाजवळ धरलं आणि दाबलं.

टक्.

तोच आवाज. लहानसा, कोरडा, स्वच्छ. घराघरात फळीवर असलेल्या बरणीचं झाकण. मी वर्षानुवर्षं आवाज शिकवते, आणि तो मला जिने कधी आवाजच ऐकला नाही तिने दाखवला. तिने खुणेने विचारलं, आला का? मी मान डोलावली, पण माझं लक्ष झाकणावर नव्हतं. माझं लक्ष मधावर होतं.

"वहिनी, काय चाटवलं तिनं बाळाला?"

"काही नाही हो ताई."

"नीट आठव."

"मी डोळे मिटले होते," वहिनी म्हणाली आणि पाळण्याकडे धावली.

बाळ पाळण्यात पडलं होतं. झोपलेलं नव्हतं ते, गळून पडलं होतं. हात उचलला तर धपकन खाली. ओठ पांढरे. मी लंगोट सोडला तर त्यात रक्त, लाल जेलीसारखं. आई मागून म्हणाली, "घाबरू नको, मावशींनी सांगितलं होतं—" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाळाला उचललं आणि पळत सुटले, मागे वहिनी, मागे दादा, गळ्यात मापपट्टी तशीच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी बाळाचं पोट दाबून पाहिलं, तपासणीच्या यंत्राखाली घातलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे मूल इतकं गुंगीत का आहे? काय दिलंत?"

दादा म्हणाला, "काहीच नाही."

मी खारूताईने पाहिलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नशीब तिनं पाहिलं. भूल देण्याआधी हे कळणं फार गरजेचं होतं." मग त्यांनी आपल्या पांढऱ्या कोटाची बाही धरली आणि मनगटाकडचा भाग आत ढकलला. "आतड्यात आतडं शिरलंय. असं. आत गेलेल्या भागाचं रक्त अडतं आणि तो सडायला लागतो. कशामुळे होतं, ते बऱ्याचदा सांगता येत नाही. घास-बिस काही नसतं. सकाळी आणलं असतंत तर बहुतेक नुसत्या हवेच्या दाबाने सुटलं असतं. आता पोट उघडावं लागेल."

दादाने आयुष्यभर बाह्या शिवल्यात. आत दुमडलेली बाही त्याला दुसऱ्यांदा समजवावी लागली नाही. तो भिंतीला टेकून तिथेच खाली बसला.

"पण सकाळी तर शांत झाला होता हो," वहिनी कशीबशी म्हणाली.

"शांत झाला नव्हता. गप्प केला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान मुलाकडे सांगायला रडण्याशिवाय दुसरं असतं काय? तेवढं एक होतं त्याच्याकडे, तेही तुम्ही बंद करून आणलंत."

बाळ वाचलं. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढून टाकावा लागला. त्याच्या एवढ्याशा पोटावर आडवी शिवण आहे, दादा तिच्याकडे बघू शकत नाही. तपासणीत झोपेच्या गोळीचा अंश सापडला. डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना कळवलं. पोलीस म्हणाले, बघतो, येतो. आणि जिना दुसऱ्या दिवशी भरला, तिसऱ्या दिवशीही भरला.

मी जाऊन ओरडले. जे जे घडलं ते सगळं सांगितलं, शिवणीसकट. कुणी ऐकलं नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "तुमच्या वहिनीनं डोळे उघडले असतील." दुसरी म्हणाली, "वाचलं ना पोर? मावशींनी घास सोडवला म्हणूनच वाचलं." इस्त्रीवाली माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "ताई, जा इथून. असं बोललं की बाकीच्या लेकरांचा गुण जातो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण एक मात्र कळलं. या लोकांना मी सांगून काही उपयोग नव्हता. त्यांची सगळी श्रद्धा कानात होती.

घरी आल्यावर खारूताईच्या हातात ते झाकण दिसलं. ती अजून त्याच्याशी खेळत होती, दाबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी तिला विचारलं, करशील का? तिने इतक्या जोरात मान हलवली की केसांची पिन उडाली. मग आमचा सराव सुरू झाला. आवाज तिला कळत नव्हता, पण अंगठ्याखाली पत्रा आत जाताना बसणारा बारीक धक्का कळत होता. चुकलं की मी मान हलवायची, जमलं की टाळी द्यायची. वहिनी आधी दारात उभी राहून बघत होती. मग तीही येऊन बसली आणि मला म्हणाली, "ताई, 'शाब्बास'ची खूण कशी करतात?"

मावशी यायची ती गर्दी जमल्यावर, मागच्या दाराने. समोरून आलेली कुणी पाहू नये, आत आहेच असं वाटावं, हाही थाटाचाच भाग. मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं, आत चोरण्यासारखं होतं काय? एक चटई, एक उशी आणि तेलाच्या बरण्या. त्या सकाळी आम्ही दोघी तिच्याआधी आत गेलो. खारूताई चटईवर मांडी घालून बसली, समोर उशी पालथी घातली. मी तिला खूण केली. तिने टाळी वाजवली.

बाहेरून इस्त्रीवालीचा आवाज आला, "डोळे मिटा! कान द्या!"

रडणारी मुलं सोडली तर सगळं चिडीचूप. खाली हातोडी थांबली. खारूताईने माझ्याकडे बघत अंगठा दाबला.

टक्.

"सुटलं!" म्हणाला अख्खा जिना.

मी पडदा ओढला, तोही असा की दोरीसकट हातात आला. "उघडा डोळे. काय सुटलं ते बघा."

त्यांनी पाहिलं. चटईवर तिसरीतली मुलगी, तिच्यापुढे एक उशी, आणि तिच्या उंच धरलेल्या हातात बरणीचं झाकण. तिने ते पुन्हा दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. एक लहान मूल आईच्या कडेवर हसलं. बाकी कुणी हसलं नाही. एक बाप पुढे आला, झाकण हातात घेतलं, स्वतः दाबून पाहिलं आणि एकदम ते दुसऱ्याच्या हातात दिलं. ते झाकण असं हातोहात जिना उतरत गेलं आणि त्याच्याबरोबर तो आवाजही खाली खाली जात राहिला.

तेवढ्यात मागचं दार उघडून मावशी आली. परिस्थिती तिला लगेच कळली, त्या बाबतीत हुशार बाई. "हे काय मांडलंय मास्तरीणबाई? झाकणाचा आवाज वेगळा, घासाचा वेगळा. कान असलेल्याला कळतं. त्या बहिऱ्या पोरीला काय कळणार?"

"खरंय," मी म्हटलं. "तिला तुमचं 'डोळे मिटा' ऐकू आलं नाही. म्हणून तर तिने बघितलं. मावशी, तुमच्या कमरेला मधाची कुपी आहे. त्यातला बोटभर मध चाटा. इथं, सगळ्यांसमोर."

"तो लेकरांसाठी मंतरलेला आहे. मोठ्याच्या तोंडी लागला की गुण उतरतो."

"एक दिवस उतरू दे. उद्या पुन्हा मंतरा."

ती कुपीवर हात ठेवून मागे सरकली. रांगेतली एक आई म्हणाली, "मावशी, चाटा की हो. मध तर आहे." दुसरी म्हणाली, "आमच्या पोरांना चालतो, मग तुम्हाला का नाही?" आवाज वाढायला लागले. पण खरी पुढे झाली ती इस्त्रीवाली. तिने गर्दीतून वाट काढत हळूच म्हटलं, "मावशी, चाटा. मी सांगते म्हणून चाटा. म्हणजे यांची तोंडं बंद होतील."

त्या भोळीला अजूनही मावशीला वाचवायचं होतं. आणि मावशीने काय करावं? तिच्यावरच उलटली. "तू बोलतेस? तू? डोळे उघडून स्वतःचं पोर खाल्लंस, आणि मला शिकवतेस?"

मला वाटलं, आता ही कोसळेल. ती कोसळली नाही. ती जिन्याकडे बघत होती, जिथून तो आवाज अजून येत होता. मग तिने विचारलं, मावशीला नाही, मला.

"ताई, मी उघडले होते ना डोळे. तेव्हा मला हिच्या हातात काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. गोल, पांढरं. मला वाटलं, बघू नये ते मी बघितलं. म्हणून माझं बाळ... ते झाकण होतं का?"

"झाकण होतं," मी म्हटलं.

"म्हणजे मी काही नाही केलं?"

"तुम्ही काही नाही केलं. तुम्ही बरोबर बघितलं होतं."

ती दारातच बसली आणि जी रडली ती अशी रडली की आतापर्यंत त्या जिन्यावर कुणी मोठं माणूस तसं रडलं नव्हतं. तिच्या शेजारी खारूताई जाऊन बसली. मावशी मागच्या दाराने निघाली होती, पण दाराबाहेर सायकलवाला उभा होता, हातोडीसकट. तिला कुणी हात लावला नाही. पोलीस येईपर्यंत फक्त कुणी हलू दिलं नाही.

आता कुणी मला म्हणेल, तेल लावून पोरांना चोळण्यात वाईट काय? काही वाईट नाही. आईने अलगद पोट चोळलं तर मुलाला बरं वाटतं, वारा सरतो, मायेचा हात लागतो. आमच्या आईने आम्हाला चोळलंय आणि आता ती बाळालाही चोळते, शिवण सांभाळून. पण रडता रडता पाय पोटाशी घेणारं, ओकणारं, शीतून रक्त पडणारं मूल हे चोळायचं मूल नव्हे. ते दवाखान्यात न्यायचं मूल आहे. आणि 'मग' नाही, 'आधी'.

ती बाई जामिनावर सुटली आहे. आज ना उद्या दुसऱ्या वस्तीत दुसरा पडदा लावेल, बरणीऐवजी दुसरं काही आणेल. मी झाकणं किती ठिकाणी दाखवत फिरू? म्हणून एवढंच सांगते. तुमच्या मुलाला कुणीही हात लावत असेल, मावशी असो, महाराज असो की गळ्यात नळी अडकवलेला डॉक्टर असो, तर विचारा, काय देताय, कशासाठी देताय. उत्तर नीट मिळालं नाही तर पुन्हा विचारा. आणि ज्या क्षणी कुणी म्हणेल की बघू नका, त्या क्षणी मूल उचला आणि चालायला लागा. प्रश्न विचारल्याने कुठल्याही खऱ्या औषधाचा गुण उतरत नाही.

त्या खोलीला आता कुलूप आहे, पण लांबून आलेल्या आया अजून जिना चढतात, त्यांना माहीत नसतं. इस्त्रीवाली कपड्यांचा गठ्ठा तिथेच खाली टाकून त्यांच्यामागे धावते. खारूताईचं ते झाकण तिने मागून घेतलंय. ती त्या आईचा दंड धरते, अगदी पूर्वीसारखाच, आणि झाकण तिच्या डोळ्यांसमोर धरून दाबते.

"बघ बाई," ती म्हणते. "डोळे उघडे ठेव. मी ठेवले होते."